छोट्या हॉटेलांना कोलॅबसाठी विचारताना

मी पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मराठीतून प्रवासाचे व्हिडिओ बनवते. फॉलोअर्स लाखांत नाहीत. तरी कोकणातल्या आणि गोव्यातल्या, मालकाने स्वतः चालवलेल्या छोट्या हॉटेलांत मी प्रायोजित मुक्काम केले आहेत, म्हणजे व्हिडिओच्या बदल्यात फुकट राहिले आहे (यालाच कोलॅब म्हणतात), आणि अलीकडे त्यासाठी वेगळे पैसेही मिळू लागले आहेत. नवीन व्हिडिओ करणारी मुलंमुली विचारत असतात, की यांना लिहायचं काय, विचारायचं कधी, फुकट मागितल्यासारखं वाटत नाही का? फुकट मागितल्यासारखं वाटू नये याचा एकच उपाय मला सापडला. आपले आकडे सांगण्याआधी समोरच्याच्या कुठल्या रात्री रिकाम्या जातात ते बघायचं आणि तिथून बोलायला सुरुवात करायची. परुळ्याजवळच्या एका सहा खोल्यांच्या घराला मी कसं विचारलं, ते त्यासाठी सविस्तर सांगते.

कर्लीच्या खाडीपलीकडे देवबाग-तारकर्लीला पर्यटकांची झुंबड असते. अलीकडे परुळे-भोगव्याकडे त्यामानाने शांत. जांभ्याच्या जुन्या घराला जोडून खोल्या काढलेल्या, मागे माडांची बाग, काका-वहिनी दोघं मिळून सगळं बघतात. त्यांच्याबद्दल जे काही नेटवर होतं, ते मी आधी वाचून काढलं. रिव्ह्यू वाचताना मी कमी स्टारवाल्यांपासून सुरू करते, कारण हॉटेलची खरी गरज तिथे कळते. इथे तक्रारी दोनच प्रकारच्या होत्या. एक, शेवटचा फाटा सापडत नाही. दोन, शाकाहारी माणसाला काय मिळेल ते आधी समजत नाही. मग त्यांचं इन्स्टाग्राम पाहिलं. सगळे फोटो उन्हाळ्यातले, पावसाळ्यातला एकही नाही. बुकिंगच्या साइटवर तारखा टाकून पाहिल्या, तर जुलै-ऑगस्टमधले सोमवार ते गुरुवार पूर्ण मोकळे. पावसाळ्यात समुद्रावरचे खेळ ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, बहुतेक मासेमारीही जुलैअखेरपर्यंत थांबलेली असते आणि श्रावण लागला की मासे खायला येणारी माणसंही कमी होतात. मालवणी घर म्हणजे मासळीचं ताट एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं आहे. पण श्रावणात याच घरांतून काळ्या वाटाण्याचं सांबारं, टाकळ्याची आणि फोडशीची भाजी, आंबोळ्या, पातोळ्या असं काही बनत असतं, की ते खायलाच मुद्दाम जावं. ते त्यांच्या पानावर कुणी दाखवलेलंच नव्हतं. माझ्याकडे विषय आला.

वेळ कोणती निवडायची, यावर निम्मं काम अवलंबून असतं. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्या, या काळात छोट्या हॉटेलला विचारूच नये. गणपतीतही नाही. तेव्हा घरचे चाकरमानी आलेले असतात, कामाची माणसं आपापल्या गावी गेलेली असतात आणि मालकाच्या घरी स्वतःचा गणपती असतो. शिमग्याचंही तसंच. उरतात ते जूनअखेर ते ऑगस्टमधले मधले वार, दिवाळीनंतरचा शांत नोव्हेंबर, आणि जानेवारीचे पहिले आठ-दहा दिवस सोडले की फेब्रुवारीपर्यंतचे मधले वार.

इन्स्टाग्रामवर मेसेज करण्याऐवजी मी व्हॉट्सॲपवर लिहिलं. अशा घरांचं इन्स्टाग्राम बहुतेक वेळा मुंबईत नोकरी करणारा भाचा किंवा पुतण्या चालवतो, निर्णय मात्र गावी बसलेले काका घेतात. मेसेज असा होता:

‘नमस्कार काका. मी पुण्याची, मराठीतून प्रवासाचे व्हिडिओ करते. बघणारे बहुतेक पुणे, मुंबई-ठाणे आणि कोल्हापूरचे, घरच्यांना घेऊन गाडीने फिरणारे. तुमच्या घराचे फोटो पाहिले, पावसाळ्यातला एकही दिसला नाही. श्रावणात तुमच्याकडे शाकाहारी जेवण कसं असतं हेही कुणी दाखवलेलं नाही. ते मला करायचं आहे. श्रावणात सोमवार ते गुरुवार यांपैकी तुमच्या रिकाम्या असतील अशा दोन रात्री द्याव्यात, ही विनंती. माणसं दोन, खोली एक, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. येण्याजाण्याचा खर्च माझा. त्याबदल्यात एक मोठा व्हिडिओ, दोन रील्स आणि खोल्यांचे, जेवणाचे वीस फोटो देईन. फोटो तुम्ही कायम वापरू शकता. व्हिडिओत तुमचा फोन नंबर असेल, म्हणजे बुकिंग थेट तुमच्याकडे येईल. मुक्काम प्रायोजित आहे हे मी व्हिडिओत सांगते आणि जे दिसेल तेच बोलते. आधीच्या दोन व्हिडिओंची लिंक खाली देते. तुम्हाला सोयीच्या वेळी फोन करेन.’

एवढंच. मीडिया किटची, म्हणजे आपल्या कामाची आणि आकड्यांची माहिती असलेली, पीडीएफ जोडली नाही. मोठ्या हॉटेलात ती मागतात, तेव्हा द्यावी. काकांना फोनवर उघडून वाचता येईल एवढाच मजकूर असला पाहिजे. ‘मला तुमची प्रॉपर्टी खूप आवडली, आपण कोलॅब करू या’ हे वाक्य तर लिहूच नये. त्यात कुठली प्रॉपर्टी, केव्हा, कशाच्या बदल्यात, काहीच नसतं, आणि असे मेसेज त्यांना सीझनमध्ये रोज येतात.

फोन मी सकाळी अकरानंतर करते, चेकआउट आटोपल्यावर. साडेबारा ते चार अजिबात नाही. तेव्हा पाहुण्यांची पानं वाढायची असतात, मग घरच्यांची जेवणं, मग घटकाभर आडवं व्हायचं असतं. काकांनी फोन उचलला आणि पहिलंच वाक्य बोलले, ‘ताई, फोटो काढूक खूप जण येतत. मगे आमी फोन केलो तर उचलनत नाय.’ त्यांच्याकडे याआधी कुणीतरी मे महिन्यात चार माणसं घेऊन राहून गेलं होतं आणि काहीच टाकलं नव्हतं. हा राग आपल्यावर नसतो, पण तो ऐकून घ्यावा लागतो. छोट्या माणसाची मे महिन्यातली खोली अडवून ठेवणं म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईतून काढून घेणं आहे. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी मधे काही बोलले नाही.

मग त्यांनी सरळ विचारलं, ‘माका ह्येतून काय गावतला?’

मी हिशेबच मांडला. खोलीचा पावसाळी दर ४,५०० रुपये. मंगळवारी ती रिकामीच राहणार असेल, तर मला ठेवल्याने त्यांचे ४,५०० जात नाहीत. चादरी धुणं, वीज, साफसफाई, दोघांचं जेवणखाण, असा खरा खर्च होतो. तो त्यांनीच मोजला, दिवसाला साधारण हजार-बाराशे. तीच खोली मे महिन्यात मागितली असती, तर पूर्ण दराचं गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं असतं. आता दुसरी बाजू. बुकिंगच्या साइट्स साधारण पंधरा ते पंचवीस टक्के कमिशन कापतात. काकांचं कापलं जात होतं अठरा टक्के. दोन रात्रींच्या ९,००० च्या बुकिंगवर १,६२० रुपये गेले. साइटवरून येणारी दोन कुटुंबं जरी व्हिडिओतला नंबर बघून थेट फोन करून आली, तरी ३,२४० वाचले आणि माझ्या मुक्कामाचा खर्च निघाला. त्यापुढे एरवी आलंच नसतं असं एखादं कुटुंब श्रावणातल्या बुधवारी आलं, तर ती निव्वळ भर.

‘नी गिऱ्हाईक नाय इला तर?’

याचं उत्तर खरं द्यायचं असतं. गिऱ्हाइकाची हमी मी देत नाही, कुणीच देऊ शकत नाही. फोटो आणि व्हिडिओ मात्र त्यांचे राहतात, आणि शाकाहारी काय मिळतं ते विचारणाऱ्याला तोंडी सांगत बसण्यापेक्षा लिंक पाठवता येते. मी त्यांना माझ्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉटही पाठवला, एकूण व्ह्यूजचा नव्हे तर बघणारे कुठल्या शहरांतले आहेत त्याचा. परुळ्याच्या घराला दिल्लीतल्या लाखभर लोकांपेक्षा पुण्या-कोल्हापुरातले पाच हजार जास्त उपयोगी. मराठीतून व्हिडिओ करणाऱ्यांनी ही गोष्ट ठासून सांगावी. आपले प्रेक्षक शुक्रवारी रात्री गाडी काढून शनिवारी सकाळी तिथे पोचू शकतात.

मागून वहिनींचा आवाज आला, ‘शाकाहारीच ना? मगे येवंदेत.’

ठरलं ते सगळं मी एका मेसेजमध्ये लिहून पाठवलं आणि त्यांच्याकडून ‘ओके’ घेतलं. तारखा, माणसं, जेवण. काय देणार आणि कुठल्या तारखेपर्यंत. टाकण्याआधी व्हिडिओ त्यांना दाखवणार, पण बदल फक्त दर, नंबर, नावं अशा माहितीचे. मत माझं. फोटो ते स्वतःच्या पानांवर, गुगलवर, छापील पत्रकात कायम वापरू शकतात. माझा व्हिडिओ पैसे घालून जाहिरात म्हणून चालवायचा असेल, तर तीन महिने. दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायचा असेल, तर आधी विचारायचं. आणि एक अट मी नेहमी स्वतःहून घालते, त्याच तारखांना पूर्ण पैसे देणारा पाहुणा आठवडाभर आधी आला तर खोली त्याला द्या, मी तारीख बदलते. मालकांचा विश्वास बसतो तो या अटीवर, असा माझा अनुभव आहे. आपण त्यांच्या धंद्याच्या आड येणार नाही, हे त्यात लेखी येतं.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडंच सांगते. खोलीचं शूटिंग मी पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात करते, बॅग उघडायच्या आधी. बाथरूम दाखवते, पायऱ्या मोजून सांगते, गाडी दारापर्यंत येते का ते दाखवते. आपल्याकडची कुटुंबं बुकिंगआधी हेच विचारतात: आजीला चढायला लागेल का, कमोड आहे का, शाकाहारी मिळेल का, रस्ता कसा आहे. मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापासून दारापर्यंत मी फोन डॅशबोर्डवर लावून एका दमात चित्रीकरण केलं. तो तुकडा काकांना पुढे सगळ्यात उपयोगी पडला, प्रत्येक पाहुण्याला ते तोच पाठवतात. ड्रोन उडवायचा नाही असं आधीच ठरलं होतं. चिपीचा विमानतळ, ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला, तिथून जवळच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या भोवतालचं क्षेत्र लाल आणि पिवळ्या पट्ट्यांत येतं, आणि परवानगीशिवाय तिथे उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात ते आधी बघून घ्यावं. हॉटेलवाले ‘वरून एक घ्या ना’ असा आग्रह करतात, तेव्हा नकाशा दाखवला की प्रश्न मिटतो.

वहिनींच्या स्वयंपाकघरात मात्र मी बराच वेळ घालवला, त्यांना विचारून. त्या दिवशी पातोळ्या होत्या. बागेतलं हळदीचं पान धुऊन पुसून पालथं ताटात ठेवलं, त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर ओल्या बोटांनी पसरला, मधोमध गूळ-खोबऱ्याचं चुन, वेलची घातलेलं, आणि पान मधल्या शिरेवर दुमडून मोदकपात्रात. वीस मिनिटांनी पान सोलून काढलं, तर पांढऱ्या पातोळीवर पानाच्या शिरा एकीशेजारी एक उमटलेल्या. मी तो क्षण जवळून घेतला, वर संगीत टाकलं नाही, वहिनींचं बोलणं तसंच ठेवलं. नंतर सगळ्यात जास्त सेव्ह झालेली रील तीच. स्वयंपाकघरात जेमतेम उजेड होता, म्हणून त्यांनी मागचं दार उघडून दिलं. वेगळा लाइट लावला नाही, ते बरं झालं.

जे गैरसोयीचं होतं, तेही बोलले. शेवटचा रस्ता इतका अरुंद, की दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मोबाईलला रेंज पडवीत येते, खोलीत नाही. पावसात वीज जाते, आणि इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही. काकांना आधी ऐकवलं, तेव्हा म्हणाले, ‘सांगान टाका. इल्यावर कटकट नको.’ अनेक मालकांना हे पटवावं लागतं, यांना नाही लागलं. पण पटतं सगळ्यांना, कारण एसी बंद म्हणून रात्री अकरा वाजता भांडणारा पाहुणा त्यांनी एकदा तरी बघितलेला असतो.

प्रायोजित असल्याचं लिहिणं, हा मुद्दा मी कुणाच्याही आवडीनिवडीवर सोडत नाही. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आस्कीची, इन्फ्लुएन्सर्ससाठीची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून लागू आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ ला स्वतःची पुस्तिका काढली आणि त्यात फुकट सहली, हॉटेलमधला मुक्काम हे स्पष्टपणे ‘मोबदला’ धरले आहेत. पैसे हातात आले नाहीत म्हणून जाहिरात नाही, असं म्हणायला जागा नाही. आस्कीच्या नियमात वेळही दिली आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान तीन सेकंद, पंधरा सेकंद ते दोन मिनिटांपर्यंत एकूण लांबीच्या एक तृतीयांश, आणि दोन मिनिटांपेक्षा मोठ्यात त्या हॉटेलबद्दल बोलत असू तो संपूर्ण भाग. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी दडवलेलं चालत नाही. व्हिडिओ ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा असावा, म्हणून मी पडद्यावर ‘प्रायोजित मुक्काम’ असं लिहिते, सुरुवातीला तोंडाने सांगते आणि इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिपचं लेबलही लावते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. एका हॉटेलने मला सांगितलं होतं, की लेबल नको, त्याने रीच पडतो, तुम्ही सहज आल्यासारखं दाखवा. मी नकार दिला आणि तारखा रद्द केल्या. लोक माझ्या शब्दावर घरच्यांना घेऊन, खिशातले पैसे खर्चून जातात. त्यांना मी खोटं दाखवणार नाही.

गोव्याचा प्रकार वेगळा. पणजीतल्या फोंतेन्यास भागात जुन्या पोर्तुगीज काळातल्या घरांतून अशी बुटीक हॉटेलं आहेत. तिथे काका नसतात, मार्केटिंग सांभाळणाऱ्या मॅडम असतात. पत्रव्यवहार ईमेलने, इंग्रजीत. इथे मीडिया किट लागलं. शेवटच्या दहा रील्सचे सरासरी व्ह्यूज, सेव्ह्ज, प्रेक्षकांची शहरं आणि वयोगट, सगळं मागितलं. मुक्कामानंतर महिनाभर पणजीतल्या दुसऱ्या हॉटेलचं काही टाकू नये, अशीही अट होती. ती मी पंधरा दिवसांवर आणली. माझा मुद्दा मात्र तोच राहिला. महाराष्ट्रातून मोपाच्या विमानतळावरून किंवा वंदे भारतने येणारे, समुद्रकिनारा सोडून जुनं पणजी चालत बघू इच्छिणारे मराठी प्रवासी, आणि जुलैतले मधले वार. फोंतेन्यासमधल्या रहिवाशांना दारात येऊन फोटो काढणाऱ्यांचा फार त्रास होतो, घरांवर फोटो काढू नका असे फलक आहेत. म्हणून मी आधीच लिहून दिलं, की चित्रीकरण हॉटेलच्या आवारातच करेन. मॅडमना ते इतकं आवडलं, की पुढची बोलणी सोपी झाली.

इथे कराचाही विषय आला. फुकटचा मुक्काम हेही उत्पन्नच आहे. व्यवसायातून मिळणाऱ्या अशा लाभांवर १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर खाली दहा टक्के टीडीएस सुरू झाला, एका आर्थिक वर्षात एकाच देणाऱ्याकडून मिळालेल्या लाभाची किंमत २०,००० च्या वर गेली तर. परुळ्याच्या दोन रात्री त्याखाली होत्या, शिवाय ठराविक उलाढालीच्या आतल्या छोट्या मालकाला तो कापावाही लागत नाही. पणजीत १२,००० च्या खोलीच्या तीन रात्री, म्हणजे ३६,०००, आणि त्यावर ३,६०० रुपये कर. रोख रक्कम हातात नसताना तो कोण भरणार, हे आधी ठरवून घ्यायचं. आम्ही ठरवलं की मी कर भरून त्याचं चलन द्यायचं, आणि तेवढी रक्कम मी फी म्हणून मागून घेतली. टीडीएस कापला नाही तरी विवरणपत्रात उत्पन्न दाखवावं लागतंच. सीएला हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

उत्तर न येणं हा या कामाचा भाग आहे. मी आठवड्याने एकदा आठवण करते, त्यानंतर थांबते. पुढच्या पावसाळ्यात नवा विषय घेऊन पुन्हा विचारता येतं.

व्हिडिओ टाकून महिना झाला, की मी हॉटेलला एक पान पाठवते. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी सेव्ह केलं, कमेंटमध्ये कुठले प्रश्न जास्त आले. काकांनी त्यांच्या बाजूने फोनशेजारच्या वहीत कोण ‘व्हिडिओ बघून’ म्हणालं त्यावर खूण करायला सुरुवात केली होती, मी विनंती केली होती म्हणून. माझ्या आकड्यांपेक्षा ती वही जास्त बोलकी निघाली. श्रावणातल्या चौकश्या आल्या होत्या, त्यातल्या काही कुटुंबांनी खोल्या घेतल्याही, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न पातोळ्यांचा.

त्या वहीच्या पानाचा फोटो, काकांना विचारून आणि नंबर झाकून, मी पुढच्या हॉटेलच्या मेसेजला जोडला. ते वेळणेश्वरचं, काकांच्या मावसभावाचं. तिथे पहिल्यांदा मुक्कामाबरोबर फी सांगितली. निम्मी तारीख पक्की होताना, निम्मी व्हिडिओ दिल्यावर. त्यांनी घासाघीस करून मोठा व्हिडिओ ठेवला आणि एक रील कमी केली. त्यांच्याकडे जानेवारीतले मधले वार रिकामे जातात, म्हणून आता कोकणात उतरणाऱ्या घाटावरच्या मंडळींसाठी मडक्यात भाजलेली पोपटी आणि कुळथाची पिठी, असा विषय घेतला आहे.